एकोणीस नंबर हजर

...आता मला सांगा, सकाळी आठला ज्या पोरानं वर्गात बसायचं, ते पोरगं वर्गाबाहेर गुलमोहराखाली उभं राहून, फोन स्वतःच्याच तोंडासमोर धरून "नमस्कार मित्रांनो, ही आमच्या विभागाची प्रसन्न सकाळ" म्हणतंय, याला काय म्हणायचं? नाही, पण तन्वीरचा तरी काय दोष? मुलांच्या विद्यापीठातल्या दिवसांचे व्हिडिओ विभागाच्या पेजवर टाकायचे, म्हणजे प्रवेश वाढतील, ही आयडिया विभागप्रमुख सुदर्शन सरांची. आणि अटी किती! कोवळं ऊन हवं. गाणी नकोत, पाखरांचा नैसर्गिक आवाज हवा. खाली नाव आणि रोल नंबर हवाच. अहो, या सरांना लग्नाची पत्रिका द्यायला गेलात तरी विचारतील, रोल नंबर कुठाय? बरं, कोवळं ऊन आठला आणि सरांचा तासही आठला, मग माणसानं करावं काय?

तर तन्वीरनं व्हिडिओ लायब्ररीत बसून कापला-जोडला. तिथे फोनचा आवाज आला की बाई फोनच काढून घेतात, म्हणून यानं तो न ऐकताच ऑफिसातल्या हिंमतरावांना दिला, कारण पेजचा पासवर्ड फक्त हिंमतरावांकडे. त्यांनी शुक्रवारी पाचला टाकला, खाली "चित्रीकरण : तन्वीर, रोल नंबर १९" लिहिलं, आणि भाचीच्या लग्नाला साताऱ्याला गेले. फोन बंद.

संध्याकाळी विश्रांतवाडीला घरी येऊन तन्वीरनं पहिल्यांदा आवाज लावला. पाखरं बोलली. छान. मग व्हिडिओतल्या वर्गाच्या खिडकीतून सरांचा आवाज, "एकोणीस?" आणि पाठोपाठ याच्या वर्गातल्या दोस्ताचा, रोहनचा, रेड्यालाही लाजवील असा घोगरा... "हजर सर!"

एकोणीस नंबर बाहेर पाखरं दाखवतोय आणि एकोणीस नंबर आत हजर! पंच्याहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत, याची कशीबशी रोहनच्या घशावर भरलेली. खोटी सापडली की वर्ष गेलं. काढून टाकावा, तर पासवर्ड साताऱ्यात. आणि व्हिडिओ आपला फिरतोय...

शनिवारी चार हजार लोकांनी पाहिला. खाली एक आजोबा लिहितात, "एकोणीस नंबर एकाच वेळी दोन ठिकाणी? आमच्या वेळी ही सोय नव्हती." पुण्यातले लोक, ते काय सोडतात! तन्वीर भरल्या ताटावरून उठला. अम्मीला वाटलं, पोरगं कामानं दमलंय, म्हणून लाडानं तिनं तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. अब्बा, म्हणजे सिराजभाई, घड्याळाच्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचे, माझ्या मुलाचं काम आहे म्हणून. तुम्हाला सांगतो, पकडलं जाण्याची भीती एक, पण कौतुक करणाऱ्यांसमोर पकडलं जाण्याची भीती, ती फार वाईट. आणि व्हिडिओ आपला फिरतोय...

रविवारी चाळीस हजार! रोहनला फोन केला, तर तो गाढव विचारतो, माझा आवाज कसा आलाय?

सोमवारी निरोप आला, सरांनी बोलावलंय. केबिनमध्ये सरांनी व्हिडिओ लावला, शेवटपर्यंत ऐकला, चष्मा काढून पुसला. तन्वीर "सर, चूक झाली," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला, खरं सांगतो.

"रडू नका," सर म्हणाले. "एकोणीस नंबर हजर आहे, हे चाळीस हजार लोकांनी ऐकलंय. आता मी गैरहजर लावला तर विभाग खोटा पडेल. उद्यापासून पहिल्या बाकावर बसा."

सुटला असं वाटलं ना? त्यालाही वाटलं! मंगळवारी पावणेआठलाच पहिल्या बाकावर. सरांनी पुकारलं, "एकोणीस?" हा ताडकन उभा राहिला, हजर सर म्हणाला. सरांनी मानसुद्धा वर केली नाही.

"हा आवाज एकोणीस नंबरचा नाही," म्हणाले, आणि गैरहजर लावून मोकळे झाले.

आता काय करता! पोरगं रोज सरांच्या नाकासमोर बसतं आणि त्याची हजेरी मागच्या बाकावरून रोहन देतो. परवा रोहनचा घसा बसला, तर हळद-दुधाचा थर्मास घेऊन हाच सकाळी सहाला त्याच्या सदाशिव पेठेतल्या खोलीवर! घसा रोहनचा, पण वर्ष याचं ना...