दाजींची खूण

— पोतं राहू द्या दाराशीच, सोआझिक वहिनी, कोण नेतंय? या, बसा. शिंपले उघडून देतो, पण आज आधी माझं ऐका — हे बघा, केवढेसे हे? पूर्वी माझ्या तळहाताएवढे असायचे, आणि हा तळहात म्हणजे वल्हंच, बायको म्हणायची! का झाले असे? मेर्ल संपलं म्हणून. तुमचे यजमान, युएन कप्तान म्हणतात, समुद्रातली खडी ती, उपसा आणि शेतकऱ्याला विका, आंबट जमिनीला चुना मिळतो. खडी कुठली हो? शेवाळ आहे ते, जिवंत, गुलाबी, दगडासारखं कडक — वर्षभरात नखाच्या जाडीइतकं वाढतं. त्याच्या फांद्यांच्या सांदीत शिंपल्यांची पिल्लं लपतात, तिथे खेकड्याचं काही चालत नाही. आणि तुमच्या बोटीचा लोखंडी पंजा एका दुपारी हजार वर्षं उचलतो, वहिनी — मग पिल्लांनी जायचं कुठे?

हो, हो, मीही विकलं. वीस वर्षं विकलं, नाही कुठे म्हणतोय? प्लुगास्तेलच्या एका म्हातारीला कुंडीपुरतं हवं होतं, मी चार पोती गळ्यात मारली — गावभर सांगून हसलो होतो. आता नाही हसू येत. ब्रेस्टच्या खाडीत आमच्या बाजूला एकच गुलाबी पट्टा उरलाय — दाजींचा. गुल्वेन, माझ्या बहिणीचा नवरा. मरताना त्यांनी खूण सांगितली, भाच्याला आणि मला, बस्स: बोटीतून बघताना चर्चचा मनोरा पांढऱ्या खडकाच्या डोक्यावर आणायचा, आणि जुनी पवनचक्की बेटाच्या टोकाला टेकली की खाली तोच. आमच्याकडे माणूस घराची किल्ली देईल, खूण देणार नाही. भाचा तिथल्या शिंपल्यांवर बहिणीचं घर चालवतो.

आणि मी — रविवारी तुमच्या कप्तानांबरोबर सफरचंदाची घेत बसलो होतो. ते म्हणाले, ‘तू दुकानदार, तुला काय कळतं रे पाण्यातलं?’ झोंबलं हो. चौथ्या पेल्याला मी म्हणालो, मनोरा कुठल्या खडकावर आणायचा ते मला कळतं. एवढंच — नाही, पवनचक्कीचंही सांगितलं. दोन्ही सांगितलं. उठून टेबलावर बोटाने नकाशा काढून दाखवला.

म्हणून हात जोडतो, वहिनी. ते तुमचं ऐकतात. दुपारी बोट निघायच्या आत सांगा त्यांना, म्हणावं म्हातारा पिऊन काहीतरी बरळला, तिथे नुसती वाळू आहे. सांगाल ना? — पोत्याकडे काय बघताय सारखं? काय, माझ्यासाठी आहे? कप्तानांनी पाठवलंय... माझ्या परसातल्या कांद्यांना?

थांबा, मी सोडतो दोरी.

ओलं आहे हे. गुलाबी आहे, वहिनी — यात पिल्लंही आहेत, नखाएवढी —

तुम्ही जा. शिंपले न्या, असेच, न उघडलेले. आणि दार ओढून घ्या. भाचा धक्क्यावरून वर येतोय.