टाकीच्या चार पट्ट्या

न्हाई साहेब, हात लावू नका — म्हंजे लावा, विमान तपासायलाच तर तुमी पुण्याहून आलाय — पण त्या खालच्या पट्टीला नको. का? कारण ती अजून पक्की न्हाई. दिसतीया पक्की, मला बी दिसतीया, पण दिसण्यावर काय जातंय? पेट्रोलची टाकी हाय ती, पाण्याची घागर न्हाई. वर गेल्यावर सुटली तर तितं कुणाला हाक मारायची? बाकी समदं झालंय बघा — पंख झाले, इंजिन झालं, शेपूट हलतीया. ऱ्हायल्यात त्या टाकी धरणाऱ्या चार पट्ट्या. कवापास्नं? झालं की, दोन-तीन वर्सं.

हसू नका. ह्या मोहिद्दीननं सारा जन्म पौडाच्या ष्टँडावर यष्टीच्या टाक्या आवळल्यात. आन् तितंच घोटाळा झाला! पहिल्या पट्ट्या केल्या त्या बसच्या हिशोबानं — जाडजूड लोखंड, ताम्हिणीच्या खड्ड्यात आपटली तरी हूं का चूं करायची न्हाई. बसवल्या, तर विमानानं तितल्या तितं नाक जमिनीला टेकलं. शेजारची गोजराबाई इचारती, पाया पडतंय व्हय कुणाच्या? मग अल्युमिनच्या केल्या. हलक्या झाल्या, पण पत्र्याला पत्रा घासतो, मधी कायतरी मऊ लागतं. आमच्या चाँदभाईनं टांगा बंद केलाय, त्याच्या घोडीच्या पाठीवरचा नमदा कापून घातला. झ्याक बसला! पण उन्हानं तापला की असा वास सुटायचा — घोडी दावं तोडून यायची आन् विमानाला अंग घासत उभी ऱ्हायची. म्हातारी घोडी, तिला काय बोलणार? विमानाच्या शेपटाची एक काडी मोडली तिनं.

मग नमदा काढला, रबर घातलं. मग? मग काय — मग टाकी बसली की. व्हय, बसली. गेल्या उन्हाळ्यातच बसली. टाकी गच्च भरली, गदागदा हलवली — थेंब न्हाई, कुरकुर न्हाई. मग सोडली. का म्हंजे? परत बघू म्हणून सोडली. परत बसवली, परत सोडली... नटाचे आटे झिजले, नवे नट आणले. कामात चिकटपणा लागतो साहेब.

भ्या? कुणाला, मला? मी पडलो तर पडलो, मुळशीच्या धरणात पडलो तर मासे बी ओळखीचे हायेत. पण ह्यात बसायच्या जागा दोन. दुसरीवर ती गादी बघितली, फुलाफुलाची? आमच्या सायरानं शिवलीया. म्हंती, पहिल्याच दिशी मी बसणार. नेऱ्याला म्हायेर हाय तिचं, भावाच्या घरावरनं न्या म्हंती, भावजयीनं मान वर करून बघितलं पायजे. मी म्हणलं, आधी मला एकट्याला जाऊ दे — तर म्हंती, तुमी बांधल्याली टाकी, तुमच्या हातावर माझा भरवसा हाय. आता बोला! तोच तर घोळ हाय, भरवसा तिचा हाय, माझा न्हाई. एकदा जरी म्हणाली असती की तुमचं काय खरं न्हाई, तर इरेला पेटून कवाच उडालो असतो. पण ती निवांत शेजारी बसणार, आन् माझा एक नट चुकला तर — न्हाई साहेब. जीव हाय माझा तिच्यावर. आता ह्या वयात कुठं सांगत बसू तिला? घरात भाकरी कुठं ठेवल्यात ते बी तिच्याबिगर मला घावत न्हाई.

म्हणून म्हंतो, तुमीच कायतरी खोट काढा. बारकी काढा, पण काढा. सरकारी माणूस तुमी, तुमचं ऐकंल ती. हां, हलवा टाकी. हलली? जरा जोरानं हलवा की, जेवला न्हाई व्हय? ...न्हाई हलत. ...बरी बसलीया, न्हवं? ...पर माझ्या मागं काय बघताय?

सायरा! कवा आलीस तू? ...समदं ऐकलंस? ...अगं, पर पाना कशाला काढलास पिशवीतनं? ऐक तरी — बरं. बरं, धर. त्या अंगानं नट धर, मी हिकडनं आवळतो. ...व्हय, आवळतोय न्हवं! ...न्हाई सोडायचा परत. न्हाई म्हणलं ना.

साहेब, निघा आता तुमी, यष्टी चुकंल. चा? न्हाई मिळायचा आज. चा करणारी नट धरून बसलीया.