पदराच्या आठ गाठी

भरवसा कुणावर ठेवावा, सांगा: मशीनवाल्यावर की म्हातारीच्या पदरावर? लातूर नवा जिल्हा झाला, त्या सालच्या दुष्काळात शिरूर अनंतपाळला माझा सिनेमाचा तंबू होता. नाटक कंपनीतल्या नटीच्या गोष्टीचा जुना सिनेमा लावला. दवंडी दिली, गाणी दहा.

सिनेमा सुटल्यावर गावातल्या म्हाताऱ्या गयाबाईनं पदर दाखवला. दर गाण्याला एक गाठ. "शेठ, आठच हायत."

सिनेमाचं मशीन चालवणारा माझा मशीनवाला म्हणाला, "मावशी, डुलकी लागली असंल."

"डुलकीत गाठी मारता येत्यात व्हय रं?"

लोक उठेनात. तंबूची अब्रू जायची वेळ आली. मशीनवाला कानात म्हणाला, "पाण्याचा टँकर यायचा होता, लोकांना भरायला वेळेत सोडावं म्हणून दोन गाणी गाळली."

दोन्ही गाणी दाखवली. टँकर आला, ड्रायव्हरही आत येऊन बसला.

तुम्ही आता सिनेमाचा नवा तंबू सुरू करताय, तर गाण्यांचा हिशेब नेकीनं ठेवा. गयाबाई अजून हयात आहे.