प्लग खिशात

— नाही नाही, जावईबापू, हात मागे! आधी करवतीचा प्लग. बटण बंद आहे म्हणता? बटणावर कसला विश्वास ठेवताय! प्लग काढायचा आणि ज्याचा हात पात्याखाली, त्याच्याच खिशात ठेवायचा — हा असा. वायर लोंबते? लोंबू दे. आमच्या कारखान्याचा नियमच होता. तुमच्या सासूबाई म्हणायच्या, शेपूट खिशात घालून फिरणारा नवरा मलाच मिळाला. बरं, आमची लेक दवाखान्यातून सहापर्यंत येत नाही ना? नक्की? मग निवांत.

आता पातं खाली दाबा, खिटी सरकवा — अडकलं. आकडा शून्यावर. हा गुण्या, काटकोन तपासायचा, मागच्या पट्टीला टेकवायचा आणि पात्याच्या अंगाला — दातांना नाही हो, दात बाहेर आलेले असतात, ते खोटं सांगतात. बघा, उजेड दिसतोय ना फटीतून? काटा म्हणतो शून्य आणि पातं भलतीकडेच! म्हणून तुमच्या पाळण्याचे कोपरे उघडे पडले. सासूबाईंनी फोटो दाखवला तेव्हाच मी म्हटलं, अर्धा अंश. एका कोपऱ्याला दोन काप, चार कोपऱ्यांना आठ — थेंबे थेंबे तळे साचे! तरी कापणाऱ्याचा हातही जरा धसमुसळाच आहे हं, राग मानू नका.

पट्टीचे स्क्रू सैल करा. ढकला... अजून केसभर... बास! आवळताना पुन्हा हलतं, म्हणून आवळून परत बघायचं. मला बोलावलं कुणी? कुणीच नाही. तीन वर्षं बोलत नाही ती माझ्याशी, बोलावेल कशाला? काही नाही हो, क्षुल्लक कारण — म्हणजे, कारखाना मी तिच्या भावाला दिला. तिला हवा होता. मी म्हटलं, करवत हे बायकांचं काम नव्हे. लहानपणापासून मला फळ्यांवर खुणा करून देणारी पोरगी ती! आणि चिरंजिवांनी वर्षाच्या आत सगळी मशीनं विकली. असो. चाचणीला एक तुकडा द्या. पाळण्याचाच उरलेला चालेल.

थांबा. टाकायच्या बाजूला फुली, फुलीखाली दोन रेघा — ही आमच्या कारखान्यातली खूण तुम्हाला कुणी शिकवली? हसताय काय? पाळणा तुम्ही नाही केला? तिनं? या दिवसांत, एकटीनं? आणि मी मघापासून हाताला नावं ठेवतोय! अहो, सरळ कापलंय तिनं, मशीनच वाकडं होतं. चुकलो मी, जावईबापू. आज नाही, तेव्हाच चुकलो. तिला सांगू नका मी आलो होतो म्हणून, गुण्या तेवढा ठेवून जातो. हा शेवटचा स्क्रू आवळला की निघालो —

दार वाजलं? सहा कुठे वाजलेत अजून! अगं... ये. मी निघतच होतो, हे जरा — काय? प्लग? हो गं, काढलाय. आधी तोच काढला. हा बघ, खिशात आहे.