सतराचा पाढा आणि माझं तत्त्वज्ञान

"पाढे घोकायचे नाहीत, गुणाकार समजून घ्यायचा," हे मी चौथीच्या वर्गात इतक्यांदा सांगते ना, की मुलांना पाढ्यांऐवजी माझं हे वाक्यच पाठ झालंय.

परवा आमच्या मुख्याध्यापिका माझा तास बघायला मागच्या बाकावर येऊन बसल्या. मग काय, मला चेव आला! मुलांना म्हटलं, "आज उदाहरणं तुम्ही घाला, मी सोडवते."

बाळकुम भागात राहणारी श्रावणी उठली. "बाई, आमच्या टॉवरला सतरा मजले. प्रत्येक मजल्यावर आठ घरं. एकूण घरं किती?"

सोप्पं होतं गं. पण सतराचा पाढा मला आजही एकदम मधून म्हणता येत नाही. मी फळ्याकडे वळले, उगाच खडू झटकला आणि तोंडातल्या तोंडात सुरू केलं, सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस... आणि सतरा पंचे पंच्याऐंशीला जी अडकले!

तेवढ्यात श्रावणीचा मायेचा आवाज आला, "घाबरू नका बाई, तुम्हाला येतंय ते. परत पहिल्यापासून म्हणा, आम्ही थांबतो."

आणि खरंच थांबले गं सगळे. मुख्याध्यापिकांनी तर हातातलं पेनही खाली ठेवलं.