कन्नड वर, मराठी खाली

“अण्णा, तुम्ही लोकांचे अकाउंट हॅक करायलात का?”

कर्नाटकातल्या, सीमेजवळच्या हुलसूरच्या बसमध्ये लॅपटॉप उघडून बसलेल्या माणसाला हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि दहावीतली प्रेरणा पैज सोडणाऱ्यांतली नव्हती.

“न्हाई गं. दुकानदारांना आपली वेबसाइट आपणच लिहिता यावी, असं सॉफ्टवेअर बनवायलोय. एकटाच. उद्या लोकांना द्यायचंय. चालवून बघतीस?”

“मोडलं तर?”

“दोस्तांनी महिनाभर चालवलंय. न्हाई मोडत.”

“मग आईच्या शिलाईच्या दुकानाचं पान करते. अण्णा, हे भाषा कामून विचारायलंय?”

“कुठलीबी एक निवड.”

“एक कशी? दुकानाच्या पाटीवर कन्नड वर हाय, मराठी खाली.”

“मग तसंच लिही की.”

“लिहिलं. सेव्ह केलं. मराठी गायब.”

“सरक बघू. अय्यो, व्हय की.”

“तुमचे दोस्त कुठले?”

“पुण्याचे.”

“तरीच.”

“अन् मी इथलाच, भालकीचा असून मला सुचलं न्हाई. उद्या लोकांना द्यायचं राहिलं आता. दुरुस्त केल्यावर पुन्हा मोडून देशील?”

“देईन की.”

घरी पोचल्यावर दप्तर पाठीवर तसंच ठेवून तिनं सांगून टाकलं.

“आई, अप्पा, दहावीनंतर पीयूसीला मी बायोलॉजी घेणार न्हाई. कॉम्प्युटर घेणार.”

“अगं, डॉक्टर व्हायचं ठरलं होतं न्हवं?”

“ते तुमचं ठरलं होतं, अप्पा. माझं आज बसमध्ये ठरलं.”