राज्य सारिकाबाईंवर

(आंबेनळी घाटाच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली शाळा. वर्गात सारिकाबाई आणि दुसरीतली सेजल, दोघीच.)

सारिकाबाई : पाढे झाले, कविता झाली. आता परिसर. वाडीचा नकाशा काढलास?

सेजल : काढला. ह्ये आमचं घर, ह्ये श्रीपतआज्याचं. बाकी सगळी कुलपं.

सारिकाबाई : कुलपं नाही गं, घरं काढायची.

सेजल : घरांना कुलपंच हायत ना बाई. शाळेतला ओम गेला, त्याच्यापन घराला काढलं. शाळेला काढू?

सारिकाबाई : शाळेला कशाला?

सेजल : पप्पा बोलले, मी विरारला गेली की शाळेत कोनच नाय. मग शाळा बंद करनार.

सारिकाबाई : वही मिट. खेळाचा तास घेऊ.

सेजल : खो-खो दोघींत नाय होत. लपाछपी. राज्य तुमच्यावर. पन लवकर नाय शोधायचं.

सारिकाबाई : नाही शोधणार. जा, लप.

(सेजल लपते. तिचे आजोबा गोमाजी आत येऊन बसतात.)

गोमाजी : बाई, आमची सेजल कुठं हाय? तिचा बापूस खाली जीप घेऊन उभा हाय. घाटात धुकं उतरायच्या आत निघायचं म्हनतो.

सारिकाबाई : लपलीय, आजोबा. सापडत नाही.

गोमाजी : तुम्ही तर जागच्या उठला पन नाय.

सारिकाबाई : एवढं वर्ष राहू दे ना तिला तुमच्याजवळ. मुलाला एकदा सांगून बघा.

गोमाजी : सांगून थकलो. तो म्हनतो, एकल्या पोरीनं शाळेत कुनासंगं खेळायचं, कुनासंगं भांडायचं? काय बोलू त्याला? खोटं नाय बोलत तो.

सारिकाबाई : नाही बोलत. रोज सकाळी प्रार्थनेला ती एकटी उभी राहते, आणि मी तिला सांगते, रांग सरळ कर.

गोमाजी : हॉर्न वाजवतोय बघा.

सारिकाबाई : मला खरंच दिसत नाहीये ती.

गोमाजी : कपाटामागं हाय. आल्या आल्या फ्रॉक दिसला. म्हनून तर तिकडं पाठ करून बसलो.

सारिकाबाई : मग तुम्हीच हाक मारा.

गोमाजी : माझ्यानं नाय व्हायचं, बाई. ती गेली की घरात मी एकला. तुमचं ऐकंल ती.

सारिकाबाई : सेजल, दिसलीस. ये बाहेर.

सेजल : पन तुम्ही बोललात ना बाई, नाय शोधनार.